चोथ्यात राहिलेली साखर : कडक बीअरच्या मापनाचा इतिहास

ऊस कारखान्याला घालणाऱ्या शेतकऱ्याला ‘उतारा’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो उसातून किती किलो साखर हाती आली, तो उतारा. केंद्र सरकार ठरवते ती एफआरपी १०.२५ टक्के या मूळ उताऱ्याशी बांधलेली आहे आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला दर वाढतो. त्यामुळे उतारा कोणी, कोठे आणि कसा मोजला, हा दर हंगामात वादाचा विषय होतो. उसात होती ती सगळी साखर पोत्यात येत नाही. काही चोथ्यात राहते, काही मळीबरोबर जाते आणि काही, खरे सांगायचे तर, मोजणीच्या चुकीत हरवते.

नेमका हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील बीअर उत्पादकांसमोर उभा राहिला. कच्चा माल उसाऐवजी जव होता, एवढाच फरक. त्या प्रश्नाच्या उत्तरातून घनतामापनाचे एक शास्त्र उभे राहिले, एक करपद्धती जन्मली आणि पुढे संख्याशास्त्रातील एका प्रसिद्ध कसोटीचीही पायाभरणी झाली. भारताचा या कथेशी दोन-तीन ठिकाणी थेट संबंध येतो. (मद्य हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतील विषय आहे आणि घरी बीअर बनवण्यासंबंधीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. पुढील मजकूर कृती म्हणून वाचू नये.)

आधी प्रक्रिया थोडक्यात पाहू. जवाला मोड आणून तो वाळवला की माल्ट होतो. भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवले, की त्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. वरचा गोड द्रव निथळून घेतात. त्याला ‘वर्ट’ म्हणतात. हा वर्ट हॉप्स घालून उकळतात, थंड करतात आणि यीस्टच्या हवाली करतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. वर्ट जितका दाट, तितकी होणारी बीअर कडक. हा दाटपणा विशिष्ट गुरुत्वात सांगतात. पाण्याचे गुरुत्व १.००० धरले, तर साध्या बीअरचा वर्ट १.०४० ते १.०५० आणि अतिकडक बीअरचा १.१०० किंवा त्याहूनही अधिक असतो. दशांशचिन्हापुढील हजारांशांना, म्हणजे १.०६० मधील ६० ला, आपण येथे सोयीसाठी ‘गुरुत्वांक’ म्हणू.

किती माल घातला आणि किती द्रव आला, एवढेच मोजण्याची रीत फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाच्या कामाचे वर्णन आहे. तेथे ‘मेदक’ या तांदळाच्या मद्याचे प्रमाण दिले आहे : पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण, या हिशेबाने सोळा मापे पाण्याला दोन मापे तांदूळ आणि तीन मापे किण्व झाले. राजाच्या मालकीचे नसलेले मद्य विकणाऱ्याकडून शेकडा पाच शुल्क घ्यावे, असेही त्यात आहे. प्रमाण काटेकोर आहे आणि करही ठरलेला आहे. तयार द्रव किती ‘दाट’ आहे हे जाणण्याचे साधन मात्र त्यात नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनचा उत्पादकही याच अवस्थेत होता. पिंपे मोजावीत आणि वर्ट जिभेवर घेऊन किंवा बोटांना किती चिकटतो हे पाहून त्याचा अंदाज करावा, असा शिरस्ता होता.

पहिले उपकरण आले ते तापमापक. मायकेल कोम्ब्रून या लंडनच्या उत्पादकाने १७५८ मध्ये बीअरनिर्मितीवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि माल्ट भिजवण्याच्या पाण्याचे तापमान मोजण्याचा आग्रह धरला. त्यानंतर दहा वर्षांनी, १७६८ मध्ये, हॅम्पशायरमधील ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाने द्रवघनतामापक, म्हणजे हायड्रोमीटर, हाती घेतला. वडिलांना असले नवे खूळ पसंत नव्हते, म्हणून तो आपले प्रयोग त्यांच्यापासून लपवून करी. उपकरण घेऊन तो लंडनचे बडे उत्पादक सॅम्युअल व्हिटब्रेड यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला स्वप्नरंजन सोडून घरच्या धंद्याकडे लक्ष देण्याचा सल्ला देऊन वाटेला लावले. साउथवर्कच्या हेन्री थ्रेल यांनी मात्र त्याला उत्तेजन दिले. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचे यजमान आणि स्नेही म्हणून इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी ज्यांना ओळखतात, तेच हे थ्रेल.

उपकरण अगदी साधे आहे. खालच्या टोकाला वजन असलेली पोकळ नळी द्रवात तरंगते. द्रव जितका दाट, तितकी ती कमी बुडते. आर्किमिडीजचा सिद्धान्त शाळेत शिकलेल्या कोणालाही हे तत्त्व कळते. अवघड होते ते त्या आकड्याचा अर्थ लावणे, आणि ते काम हल येथील जॉन रिचर्डसन यांनी केले. १७८४ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथात ‘सॅकरोमीटर’, म्हणजे शर्करामापक, या नावाने हे साधन मांडले आणि त्याची खुणपट्टी एका विलक्षण एककात आखली. एक बॅरल वर्ट एक बॅरल पाण्यापेक्षा किती पौंड जड आहे, हे ते एकक.

हे एकक विलक्षण अशासाठी की त्यात घनता आणि आकारमान एकत्र बांधलेले आहेत. नुसते ‘१.०६०’ म्हणजे किती माल, हे सांगता येत नाही, कारण तो पेलाभर असू शकतो किंवा पिंपभर. नुसते ‘वीस लिटर’ म्हटले, तर ते पाणीही असू शकते. लिटर आणि गुरुत्वांक यांचा गुणाकार मात्र थेट विरघळलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. २४ लिटर वर्ट ५० गुरुत्वांकांचा असेल, तर गुणाकार १२००. तो उकळून २० लिटरवर आणला, तर गुरुत्वांक ६० होतो आणि गुणाकार पुन्हा १२००. वाफेबरोबर पाणी गेले, साखर जागेवरच राहिली. रिचर्डसन यांच्या पौंडांचा हिशेब हाच आहे.

या हिशेबाने पहिला धक्का दिला तो लंडनच्या लाडक्या पोर्टरला. पोर्टर ही काळसर बीअर लाकडाच्या आचेवर भाजलेल्या तपकिरी माल्टपासून बनत असे, कारण ते माल्ट स्वस्त होते. शर्करामापकाने दाखवले की फिके माल्ट महाग असले तरी त्यातून निघणारा अर्क इतका अधिक असतो, की तेवढ्याच साखरेसाठी तेच स्वस्त पडते. शतकभर ज्याला काटकसर समजले ती उधळपट्टी ठरली. उत्पादक फिक्या माल्टकडे वळले आणि पोर्टरचा रंग उडू लागला. रंगासाठी नाना पदार्थ मिसळले जाऊ लागले. अखेर १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने माल्ट आणि हॉप्सखेरीज अन्य पदार्थांना बंदी केली आणि पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलर यांनी कॉफीसारखे काळे भाजलेले माल्ट बनवण्याचे पेटंट घेतले. आजच्या काळ्याकुट्ट स्टाउटचा रंग हा त्या तरंगत्या नळीने घडवलेल्या उलथापालथीचा अवशेष आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. रिचर्डसन यांच्या मोजणीत पोर्टरचे गुरुत्व सरासरी १.०७१, तर कडक एलचे १.११० च्या आसपास भरले. बीअर दुप्पट कडक हवी तर माल्ट दुप्पट घालावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते पुरत नाही. घरी छोट्या प्रमाणावर बीअर बनवणारे हौशी लोक आजही या ठिकाणी हमखास अडतात. आपले उपकरण बिघडले, दळण जाडे पडले, पाणी चुकले, असे त्यांना वाटते. कारण मात्र चोथ्यात असते.

एक किलो माल्टचा ओला चोथा सुमारे एक लिटर वर्ट धरून ठेवतो. निथळल्यावरही तो सुटत नाही. आता असे समजा, की ५ किलो माल्टपासून आपल्याला एकाच वेळी निथळून २० लिटर वर्ट हवा आहे. चोथ्यात ५ लिटर अडकणार, म्हणजे एकूण वर्ट २५ लिटर झाला पाहिजे. साखर या २५ लिटरमध्ये सारखी पसरलेली आहे आणि त्यातील २० लिटर आपल्या हाती येतात. उतारा २५ पैकी २०, म्हणजे ८० टक्के. चांगल्या माल्टमधून किलोमागे जास्तीत जास्त ३०० लिटर-गुरुत्वांक मिळतात असे धरले, तर ५ किलोंचे १५००. त्याचे ८० टक्के १२००, आणि ते २० लिटरांत वाटले तर गुरुत्व १.०६०.

आता माल्ट दुप्पट करून १० किलो घेऊ. वर्ट पुन्हा २० लिटरच हवा. या वेळी चोथा १० लिटर गिळतो, म्हणून एकूण वर्ट ३० लिटर करावा लागतो. उतारा ३० पैकी २०, म्हणजे सुमारे ६७ टक्के. कमाल ३००० लिटर-गुरुत्वांकांपैकी २००० हाती येतात आणि गुरुत्व होते १.१००. ज्याने १.१२० ची अपेक्षा केली होती, त्याचे २० अंक हरवले. ते चोरीला गेले नाहीत आणि कारागिराच्या हलगर्जीने वाया गेले असेही नाही. चोथ्यातील प्रत्येक लिटर आता अधिक दाट आहे आणि असे लिटरही दुप्पट आहेत. कडक बीअरचा उतारा कमी असणे हा तिच्या घडणीचाच भाग आहे.

यावर उपाय काय? साखर कारखान्यात उसाचा चोथा शेवटच्या गाळ्यांतून जाताना त्यावर पाणी फवारतात, म्हणजे उरलेला रस धुऊन निघतो. स्कॉटलंडच्या उत्पादकांनी माल्टच्या चोथ्यावर गरम पाण्याचा असाच फवारा मारण्याची रीत रूढ केली आणि एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडमध्येही पसरली. परंतु धुतलेल्या पाण्याने वर्ट पातळ होतो. तो दाट करायचा तर तासन्‌तास उकळावे लागते, आणि इंधन फुकट येत नाही. जुन्या इंग्लिश उत्पादकांची युक्ती अधिक शहाणपणाची होती. पहिल्या निथळातून कडक एल, त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसऱ्या निथळातून साधी बीअर आणि तिसऱ्यातून नोकरचाकरांसाठी पातळ ‘स्मॉल बीअर’. तीन पेयांचा हिशेब एकत्र केला, की उतारा भरून निघे. नारळाचा चव पिळून पहिले, दुसरे, तिसरे दूध काढणाऱ्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात ही पद्धत वेगळी शिकवण्याची गरज नाही.

मोजणीच्या चुका मात्र उपायांनी जात नाहीत. त्या ओळखाव्या लागतात. उकळत्या पाण्याची घनता थंड पाण्याच्या सुमारे ९६ टक्के असते, म्हणजे थंड असताना २० लिटर भरणारा वर्ट उकळत्या कढईत जवळजवळ २१ लिटर दिसतो. आकारमान गरम असताना मोजले आणि गुरुत्व थंड नमुन्यावर मोजले, तर अस्तित्वात नसलेली चार टक्के साखर वहीत जमा होते. उलट गरम वर्टमध्ये शर्करामापक सोडला, तर तो अधिक बुडतो आणि असलेली साखरही लपवतो. म्हणूनच त्या काळापासून शर्करामापकाबरोबर तापमापक आणि दुरुस्तीचे कोष्टक दिले जाऊ लागले. शिवाय उतारा कोणत्या भांड्याशी मोजला, हाही प्रश्न आहेच. कढईत मोजला तर एक आकडा येतो. हॉप्सचा गाळ आणि तळाचा साका वजा जाता किण्वनाच्या पिंपात मोजला तर दुसरा, लहान आकडा येतो. दोन उत्पादक एकमेकांच्या उताऱ्याची तुलना करतात तेव्हा बहुधा या दोन वेगळ्या आकड्यांची तुलना करत असतात.

आता भारताकडे येऊ. भारतात पाठवायची बीअर सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकावी, म्हणून ती मुद्दाम अतिकडक बनवली गेली आणि तीच ‘इंडिया पेल एल’, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. शर्करामापकाच्या नोंदी तिला दुजोरा देत नाहीत. लंडनच्या बो येथील हॉजसन यांच्या कारखान्यातून कोलकात्याला जाणारी फिकी एल लोकप्रिय झाली होती. १८२२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना तशीच बीअर बनवण्यास सुचवले. ऑलसॉप यांच्या माल्ट करणाऱ्या कारागिराने पहिला नमुना चक्क चहाच्या किटलीत बनवला, अशी आख्यायिका आहे. बर्टनची भारतासाठीची ही एल १.०६० ते १.०७० च्या पट्ट्यातील, म्हणजे त्या काळच्या मानाने मध्यमच होती. खरी कडक, १.१०० च्या पुढची गोड बर्टन एल रशिया आणि बाल्टिक देशांकडे जात असे. भारतीय एलचे वैशिष्ट्य होते भरपूर हॉप्स आणि पूर्ण किण्वन. यीस्टने साखर जवळजवळ संपवलेली असल्याने जंतूंना खायला फारसे उरत नसे. त्याच जहाजांतून सैनिकांसाठी पोर्टरही येई आणि तीही व्यवस्थित पोचत असे, हे या कथेत सहसा सांगितले जात नाही. एकोणिसाव्या शतकात कसौलीच्या थंड टेकड्यांवर एडवर्ड डायर यांनी बीअरचा कारखाना काढला, आणि मग हिमालयाच्या पायथ्याशीही हीच उपकरणे तरंगू लागली.

इकडे इंग्लंडमध्ये सरकारलाही या आकड्यांची गोडी लागली होती. आधी कर माल्टवर होता. अर्क कमी काढणाऱ्याला बॅरलमागे अधिक कर पडे, सरकारला मात्र उताऱ्याशी देणेघेणे नव्हते. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर उठवून तो थेट वर्टवर बसवला : १.०५७ गुरुत्वाच्या ३६ गॅलनांच्या बॅरलला ६ शिलिंग ३ पेन्स. वर्ट अधिक दाट असेल तर त्याच प्रमाणात अधिक. लिटर आणि गुरुत्वांकांचा गुणाकार आता कायद्यात शिरला. वर्ट लपवला जाऊ नये म्हणून आणखी एक तरतूद झाली. प्रत्येक दोन बुशेल किंवा ८४ पौंड माल्टमागे उत्पादकाने १.०५७ चा एक बॅरल वर्ट काढलाच आहे, असे गृहीत धरले जाई. थोडी सूट देऊन जो आकडा मोठा ठरेल, त्यावर कर.

हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. ३६ गॅलन पाण्याचे वजन ३६० पौंड. १.०५७ गुरुत्वाचा वर्ट त्यापेक्षा ३६० गुणिले ०.०५७, म्हणजे सुमारे २०.५ पौंड जड. साखर पाण्यात विरघळताना जागाही व्यापते, त्यामुळे एवढ्या जादा वजनासाठी सुमारे ५३ पौंड कोरडा अर्क लागतो. ८४ पौंड माल्टमधून ५३ पौंड म्हणजे ६३ टक्के. माल्टमध्ये काढता येण्याजोगा अर्क ८० टक्के धरला, तर कायद्याने गृहीत धरलेला उतारा त्याच्या ७९ टक्के भरतो. वरच्या उदाहरणातील ५ किलोंचा उत्पादक यात जेमतेम बसतो. १० किलोंवाला, ज्याने पहिला कडक निथळ घेऊन चोथा गुरांना घातला, तो बसत नाही. चोथ्यात राहिलेल्या, कधीच बीअर न झालेल्या साखरेवरही त्याला कर भरावा लागला असता. दुसरा आणि तिसरा निथळ घेणे ही अशा उत्पादकासाठी केवळ काटकसर उरली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात हे मापन अधिक नेमके झाले. प्रागचे कार्ल बॅलिंग यांनी वर्टच्या वजनात शेकडा किती अर्क आहे हे सांगणारी कोष्टके केली आणि किती अर्कापासून किती अल्कोहोल होते याचे सूत्र मांडले. ती कोष्टके पुढे जर्मनीत ब्रिक्स आणि प्लेटो यांनी सुधारली. आपल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रोज ऐकू येणारा ‘ब्रिक्स’ तो हाच. भारतात ब्रिटिश अबकारी खात्याने मद्यार्कासाठी साइक्सचा हायड्रोमीटर वापरला. त्याच्याच ‘लंडन प्रूफ’ या मानकातून आलेले ‘प्रूफ लिटर’ हे एकक आपल्या अनेक राज्यांच्या उत्पादनशुल्काच्या कोष्टकांत अजून टिकून आहे.

उपकरण अचूक झाल्यावर शेवटचा प्रश्न उरला तो नमुन्यांचा. एकाच ढिगातील माल्टचे दोन नमुने घेतले तरी अर्काचे दोन वेगळे आकडे येत. मग खरा आकडा कोणता, आणि त्यावर विश्वास ठेवण्यासाठी किती नमुने पुरेत? डब्लिनच्या गिनेस कारखान्यात १८९९ मध्ये रुजू झालेल्या विल्यम सीली गॉसेट या रसायनशास्त्रज्ञापुढे असे प्रश्न रोज येत. प्रयोग महाग होते आणि नमुने मोजके असत. मोठ्या नमुन्यांसाठी केलेले तत्कालीन नियम येथे निरुपयोगी होते. १९०४ मध्ये त्यांनी कारखान्यासाठी प्रमादांच्या नियमावर एक अंतर्गत अहवाल लिहिला, पुढे लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांच्याकडे वर्षभर काम केले आणि १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तो निबंध प्रसिद्ध केला, ज्यातून विद्यापीठात शिकवली जाणारी ‘स्टुडंटची टी-कसोटी’ निघाली. कारखान्याच्या शिस्तीमुळे त्यांना खरे नाव छापता आले नाही. सात वर्षांनी केंब्रिजहून परतणारे प्रशांतचंद्र महालनोबिस याच ‘बायोमेट्रिका’चे खंड बरोबर घेऊन कोलकात्यास आले, आणि १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. आपल्या देशातील पीक-कापणीचे नमुना अंदाज याच परंपरेत घडले.